पिवळ्या फुलांची निळी

१८ जून १९८९

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, बावन्न साली, आम्ही तिघं पोर्चमध्ये सकाळचा चहा घेत बसलो होतो. अनंत वेताच्या खुर्चीत वर्तमानपत्र उघडून, मी दुसऱ्या खुर्चीत, आणि श्रीनिवासभाऊजी, माझे धाकटे दीर, पायरीवर. चहात बटर बुडवता बुडवता मी सांगितलं की कॅम्पातल्या आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या चॅपलमध्ये रंगीत काचेची खिडकी होती, तिच्यात मेरीमातेच्या पायाशी निळे गुलाब होते, आणि असे गुलाब कुठेतरी खरोखर असणार असं मला बरीच वर्षं वाटत होतं. भाऊजी म्हणाले, "शाळेत काचा मोजायला बसवत होते वाटतं."  अनंतांनी पान उलटलं. एवढीच ती सकाळ.

पावसाळ्यात रेल्वेच्या पार्सलने ओल्या गोणपाटाचं एक बोचकं आलं. भाऊजी तेव्हा स्टेशनवर पार्सल ऑफिसात होते, त्यांनीच ते सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलं. आत एक काटेरी काडी, मुळांभोवती शेवाळ, आणि पत्र्याच्या पट्टीवर नाव: मार्शल नील. अनंत म्हणाले, "अरे, हे कुणी मागवलं?" असं नाटक त्यांना फार छान जमायचं. भाऊजी म्हणाले, "दादा, तूच नाही का म्हणालास, वहिनींसाठी मागव म्हणून." तेव्हा मला कळलं की वर्तमानपत्रामागे त्यांनी सगळं ऐकलं होतं. नील म्हणजे निळा. माझ्यासाठी निळा गुलाब.

पुढच्या जानेवारीत पहिली कळी उमलली, ती पिवळी. गायीच्या लोण्यासारखी पिवळी. अनंत इतके हसले की चहा नाकात गेला. "ही बघा आमची निळी!" भाऊजी चहा अर्धा टाकून उठले आणि ड्यूटी आहे म्हणून निघून गेले. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. पुढे माझी शाळेतली मैत्रीण कमरजहां हिने सांगितलं की नील हे कुणा फ्रेंच सेनापतीचं नाव, रंगाशी त्याचा काही संबंध नाही. तोवर घरात वेलीचं नाव निळी पडलं होतं.

आज हे सगळं लिहायला बसले, कारण सर्जेराव येऊन गेले. बंगला त्यांना विकला आहे, तो पाडून ते इमारत बांधणार. छप्पर गळतं, मला जिना चढवत नाही, भाऊजी सत्तरीच्या जवळ आले. सह्या दोघांनीही केल्या. सर्जेरावांच्या वडिलांची कोथरूडला भातखाचरं होती, आता तिथे यांच्या इमारती आहेत. माणूस अदबशीर आहे. म्हणाले, "काकू, दिवाळी निवांत करा. मंग बघू." जाताना पोर्चवर चढलेल्या निळीकडे मान वर करून पाहिलं. "लई जुनं दिसतंय. कामाचं हाय का?"

मी म्हटलं, "फुलं येतात."

बुंधा माझ्या मनगटाहून जाड झाला आहे. तो काही इथून हलायचा नाही.

२५ जून

कमरजहां आली होती. तिच्या घराच्या मागच्या अंगणात जुने गुलाब आहेत, तिच्या आजीच्या वेळचे. मी म्हटलं, फांद्या कापून कुंडीत खोचते. तिने शाळेत मदर टाकायच्या तशी नजर टाकली.

"खोच आणि रड. ही जात काडीने लागत नाही सहसा. दाब दे."

मग पदर खोचून तिनेच दाखवलं. जमिनीलगतची लवचीक फांदी घ्यायची, वेलीपासून तोडायची नाही. खालच्या अंगाने तिरका छेद द्यायचा, तो मिटू नये म्हणून त्यात खडा ठेवायचा, तेवढा भाग मातीत दाबायचा आणि वर वीट ठेवायची. "आईपासून तोडायचं नाही, एवढंच. ती पाजत असते, तोवर खाली हिची हिला मुळं फुटतात. फांदीला कळूच द्यायचं नाही की घर सोडायचंय."

आम्ही तीन दाब दिले. एक नळापाशी, एक फाटकापाशी, एक भाऊजींच्या खोलीच्या खिडकीखाली. पावसाळाभर ओल मिळाली तर दिवाळीपर्यंत मुळं धरतील म्हणते.

चहाच्या वेळी ती एकदम म्हणाली, "तुझ्या अनंतला गुलाब आणि कोबी यांतला फरक कळत नव्हता, अल्ला त्यांच्यावर रहम करो. त्यांनी नर्सरी शोधून झाड मागवलं कसं, हे मला अजून कळलेलं नाही."

मी म्हटलं, "प्रेमाने माणूस शिकतो गं."

भाऊजी पायरीवर बसून शब्दकोडं सोडवत होते. कमरजहांने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "शिकतो खरा."

भाऊजी म्हणाले, "चार अक्षरी शब्द. मूर्ख, अव्यवहारी माणूस. सुचतोय का कुणाला?"

९ जुलै

भाऊजींनी बिबवेवाडीत जागा घेतली. त्यांच्या ऑफिसातल्या एका मित्राच्या सोसायटीत, तळमजल्यावर दोन खोल्या आणि मागे थोडं अंगण. मी विचारलं, तिसऱ्या मजल्यावर मोकळा वारा असतो, तळमजला कशाला? म्हणाले, "गुडघे." पण गच्चीवर तर रोज दोनदा चढतात.

मी शालूकडे कोथरूडला जाणार. माझी लेक, तिचं घर, तिथे कमी काही पडणार नाही. तिचा फोन आला, "आई, गॅलरी आहे ना, निळी तिथे लाव. मस्त टेरेस गार्डन करू." गॅलरी पश्चिमेची आहे, आणि तिच्यात वॉशिंग मशीनही आहे. पण ती मनापासून म्हणते.

अनंत गेले तेव्हा शालू अजून शाळेत होती. तेव्हापासून भाऊजी फाटकाशी सायकलची घंटा वाजवल्याशिवाय आत येत नाहीत. घर त्यांच्या वडिलांचं, अर्ध्याचे मालक ते, तरी घंटा. आधी एकदा वाजवायची, पोर्चपाशी आल्यावर पुन्हा एकदा. मग "वहिनी, आहात का?" जसं काही मी कुठे जाणार होते. आत येऊन कोचावर बसलेले मला आठवत नाहीत. चहा पायरीवर. समोर अनंतांची खुर्ची रिकामी असली तरी पायरीवर. लोकांना बोलायला जागा राहू नये म्हणून असेल. त्यांच्या लग्नासाठी मी स्वतः मुली पाहिल्या होत्या. दर वेळी म्हणायचे, रेल्वेची नोकरी, कधी बदली होईल सांगता येत नाही. बदली एकदाही झाली नाही.

२ ऑगस्ट

नळापाशी दिलेला दाब कुजला. वीट उचलली तर फांदी काळी, बोटाने सोलली जावी अशी. पाणी साचलं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली. एका काडीसाठी!

भाऊजी म्हणाले, "नळाखाली झोपवलंत तर कुणीही कुजेल."

मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही. संध्याकाळी पाहिलं तर उरलेल्या दोन्ही दाबांभोवती पाणी निघून जायला छोटे चर खणलेले. मोलकरणीला विचारलं, ती नाही म्हणाली. घूस असेल, असं भाऊजी म्हणाले.

१४ ऑगस्ट

धाप लागते म्हणून शालूने डॉक्टरांकडे नेलं. हृदयाची एक झडप आकसली आहे. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, त्याची ही परतफेड. ऑपरेशन करावं लागेल. डॉक्टर तरुण आहेत, कागदावर हृदयाचं चित्र काढून दाखवत होते, आणि मी पाहत होते की ते गुलाबाच्या कळीसारखं दिसतंय. मी विचारलं, धोका किती? ते म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे. म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

ऑपरेशन दिवाळीनंतर, घर रिकामं झाल्यावर करायचं ठरवलं. शालू रडली. "आई, प्लीज, झाडासाठी थांबू नकोस गं." मी झाडासाठी थांबत नाही. घर आवरायचं आहे. पण निळीचं एक तरी रोप धरलेलं पाहून मग जावं असं वाटतं खरं. हे इथे लिहिते, तिला सांगणार नाही.

भाऊजींना सांगितलं. ऐकून घेतलं, डॉक्टरांचं नाव विचारलं, थोड्या वेळाने पुन्हा तेच नाव विचारलं. मग बाहेर जाऊन सायकलची चेन साफ करत बसले. ती स्वच्छच होती.

६ सप्टेंबर

सर्जेरावांची माणसं पायासाठी मातीची परीक्षा करायला आली. फाटकापाशी खड्डा घेतला, आणि मी आतून ओरडेपर्यंत दुसरा दाब विटेसकट उपटून बाजूला पडला होता. बारीक पांढरी मुळं फुटू लागली होती. फांदी पुन्हा लावली, पण ती मान टाकणार हे दिसतच होतं.

आता खिडकीखालचा एकच उरला.

८ सप्टेंबर

आज एक विचित्र गोष्ट घडली. सकाळी बाहेर येते तो अनंतांची खुर्ची पोर्चमध्ये नाही. भाऊजींनी ती उचलून चिखलात, आपल्या खिडकीखाली नेऊन ठेवली होती आणि तिच्यात बसून पेपर वाचत होते. इतक्या वर्षांत जे त्या खुर्चीला टेकले नाहीत ते! मला बरं नाही वाटलं. विचारलं तर म्हणाले, "इथे ऊन चांगलं लागतं." आभाळ गच्च भरलेलं होतं.

दहाच्या सुमारास माणसं आली. मागून सर्जेराव.

"आजोबा, जरा सरकता का? दुसरा खड्डा इथं हाय."

"तिकडे घ्या. इथे मी आहे."

"नकाशात इथंच दाखवलाय बघा."

"मग नकाशात मलाही दाखवा."

"आवो आजोबा, उगं कामाचा खोळंबा..."

"दिवाळीपर्यंत घर आमचं आहे ना? मग दिवाळीपर्यंत मी इथे बसणार. माझी पेन्शन बसूनच येते."

सर्जेराव हसले, माणसांना घेऊन पलीकडच्या भिंतीकडे गेले. भाऊजींनी पुन्हा पेपर उघडला. उलटा धरला होता की काय, असं मला लांबून वाटलं.

घर विकल्याचं त्यांच्या मनाला लागलं आहे. बोलत नाहीत, मग असं काहीतरी करतात.

२४ सप्टेंबर

रोज तिथेच बसतात. पाऊस आला तर छत्री घेऊन. छत्री विचित्र धरतात, स्वतःचे खांदे भिजतात. आज चहा मी तिकडेच नेला, माझीही खुर्ची नेली. चिखलात दोन खुर्च्या, वर निळीचे सगळे फाटे लोंबत असलेले. कमरजहांने पाहिलं असतं तर हसून लोळली असती.

मी म्हटलं, "भाऊजी, ही फुलं मान खाली घालून येतात. देठच नाजूक. अनंतांना दोष वाटायचा तो."

"दोष कसला? बाकीचे गुलाब आभाळाला तोंड दाखवतात. हिच्याखाली बसलं की ती आपल्याकडे बघते."

मग कप खाली ठेवत म्हणाले, "चूक माझीच. नर्सरीला लिहिताना 'निळ्या रंगाचा' असं स्पष्ट लिहायला हवं होतं."

मी म्हटलं, "तुम्ही कशाला लिहाल? अनंतांनी लिहिलं होतं."

"हो. दादाने. तेच म्हणतोय मी."

हल्ली त्यांचं असं होतं बहुतेक, दादाचं आणि स्वतःचं मिसळतं. ऑपरेशन झालं की एकदा त्यांनाही डॉक्टरांकडे न्यायला हवं. माझ्या आईच्या आजाराची सुरुवातही अशीच झाली होती.

२५ सप्टेंबर

काल रात्री नीट झोप लागली नाही. धापेमुळे असेल.

अनंतांचं अक्षर आठवत होते. त्यांनी कुणाला पत्र लिहिलेलं मला आठवत नाही. मी माहेरी गेले की आमच्या घरची खुशाली भाऊजींच्या अक्षरात यायची, खाली अनंतांची सही. "आळशी माणूस," आम्ही सगळे म्हणायचो.

१५ ऑक्टोबर

पाऊस उघडला. हवेत तो कोरडा गारवा आला, ज्याची निळी वाट पाहते. अजून दोन महिन्यांनी ती फुलली असती. या वर्षी ती कुणाला दिसणार नाही.

कमरजहांने वीट उचलून बोटांनी माती सारली. आम्ही तिघंही वाकलो होतो. मुळं होती. भरपूर, खोबऱ्याच्या किसासारखी. कमरजहां म्हणाली, "माशाल्ला." भाऊजी म्हणाले, "हं." आणि चष्मा पुसायला लागले.

"आता आईपासून तोड," ती म्हणाली. "एका झटक्यात. करवतू नकोस."

माझा हात उचलेना. कात्री भाऊजींकडे दिली. त्यांनी ती परत माझ्या हातात ठेवली. "वहिनी, तुमची आहे ती. तुम्हीच."

मी कापलं. एक रोप. मातीच्या कुंडीत बसवलं. ते शालूकडे, कोथरूडला. माझ्याबरोबर.

१ नोव्हेंबर

दिवाळी झाली. या घरातली शेवटची. फराळ केला, शालूने फार काम करू दिलं नाही.

५ नोव्हेंबर

भाऊजींचं सामान लावायला बिबवेवाडीला गेलो, शालूच्या गाडीतून. शालू आत भांडी मांडत होती. मी मागच्या अंगणात आले.

अंगण पूर्वेचं. भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, लोखंडी खिळे मारून तारा ओढलेल्या. एकीवर एक, पार दाराच्या वरपर्यंत, आणि तिथून पुढे आलेली छोटी लोखंडी चौकट. खाली एक खड्डा, खत घालून मुरवलेला. शेजारी फरशी बसवलेली.

मी विचारलं, "हे काय?"

"कपडे वाळत घालायला."

"इतक्या उंच?"

"मी उंच आहे."

मग भाऊजी आत गेले आणि शालूशी गॅसच्या नळीबद्दल वाद घालत बसले. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. तारांवर कपड्यांचा चिमटा एकही नव्हता. फरशी एका माणसाला मोठी होती. दोन खुर्च्या मावतील एवढी होती.

घरी येताना शालू म्हणाली, "आई, बरं वाटतंय ना? गप्प का?"

मी म्हटलं, "धाप."

९ नोव्हेंबर

आज काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण एवढं लिहिते. सकाळी फाटकाशी घंटा वाजली, मग पोर्चपाशी. "वहिनी, आहात का?" आणि मी इतकी वर्षं जे म्हणत आले तेच म्हटलं, "आहे, या." आज मात्र ते म्हणायला दारापर्यंत गेले. शाळेत मदर म्हणायच्या, मुली, तू पुस्तक भराभरा वाचतेस आणि धडा कळत नाही. खरं होतं ते.

काही बोलले नाही. बोलून काय करायचं? त्यांना आवडणार नाही. चहा केला. त्यात आलं जरा जास्त पडलं, ते म्हणाले, "सर्दीचा काढा आहे का?" आणि सगळा प्यायले.

११ नोव्हेंबर

उद्या किल्ल्या द्यायच्या. परवा मी दवाखान्यात दाखल होणार. शालू, हे तुझ्यासाठी. मी परत आले तर आपण दोघी हे वाचून हसू. नाही आले तर असं कर.

चांदीची फुलदाणी आणि आजीच्या बांगड्या तुझ्या. शाळेच्या बक्षिसाची पुस्तकंही तुझी, नको असतील तर कुठल्याही वाचनालयाला दे, पण रद्दीत नको.

छाटणीची कात्री कमरजहांला. तिला सांग, तिला फार आधी कळलं होतं आणि तिने मला सांगितलं नाही, याबद्दल मी तिच्यावर रागावले नाही. कात्रीला दरवर्षी धार लावत जा म्हणावं.

मोठी किटली आणि निळ्या काठाचे कप काकांना. त्यांच्याकडे स्टीलचे पेले आहेत, त्यात चहा लगेच गार होतो.

निळीची कुंडी तुझ्या गॅलरीत न्यायची असं मी म्हटलं होतं. नेऊ नकोस, राग मानू नकोस. वेलीला जमीन लागते, आणि मान खाली घालणाऱ्या फुलाला खाली बसणारं कुणीतरी लागतं. ती बिबवेवाडीला, काकांच्या मागच्या अंगणात लाव. खड्डा तयार आहे. पहिली दोन वर्षं छाटू नये. फाटे सरळ वर जाऊ देऊ नयेत, तारांवर आडवे वाकवून बांधावेत, म्हणजे डोळ्याडोळ्याला फूल येतं. नाव कुणी विचारलं तर निळीच सांगावं.

वेताच्या दोन्ही खुर्च्या तिथेच द्यायच्या. एक तुझ्याकडे, एक तिकडे, असं करू नकोस. त्या एकत्रच राहू देत. काका पायरीवर बसायला जातील, त्यांना सांग, वहिनींनी खुर्चीत बसायला सांगितलंय. बाबांच्या नाही, त्यांच्या खुर्चीत. तू अधूनमधून दुसरीत जाऊन बसत जा.

रोप धरलं तर पुढच्या थंडीत पहिलं फूल येईल. ते पिवळंच असेल. तेव्हा त्यांनी चहा अर्धा टाकून उठू नये.